पाऊण मिनिट

काकांना फोन लावायचा म्हणजे आधी मनाची तयारी करावी लागायची. आपण विचारायचं, "काका, घरी आहात का?" आणि पलीकडून काहीच यायचं नाही. नवखा माणूस दोन-तीनदा "हॅलो, हॅलो" करायचा आणि शेवटी वैतागून फोन ठेवून द्यायचा. फोन कट झाल्यावर काका शांतपणे म्हणायचे, "हाये ना." हे मी त्यांच्यासमोर बसून कितीदा तरी पाहिलंय. प्रश्न त्यांना कळलेला असायचा, उत्तरही ठाऊक असायचं. पण उत्तर देण्याआधी प्रश्न नीट आत उतरू द्यायचा, असा त्यांचा नेम होता. त्यात उभा जन्म लूमच्या खडखडाटात गेल्यामुळे माणसांचं बोलणं त्यांना जरा कमीच ऐकू यायचं. यंत्रांचं मात्र सगळं ऐकू यायचं.

लोधीपुऱ्यात ते आमच्या घरासमोर राहायचे. नात्यागोत्यातले नव्हेत; पण समोरच्या ओट्यावरच्या माणसाला काका नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? आमच्या बऱ्हाणपुरात यंत्रमागाला सगळे लूमच म्हणतात, आणि काका या लूमचे मिस्त्री. बिघडलेल्या लूमपाशी गेले की बाकीचे मिस्त्री आधी पाना काढायचे. काका आधी तळहात ठेवायचे. लोखंडी चौकटीवर उजवा तळहात टेकवून डोळे मिटायचे आणि थोड्या वेळाने सांगायचे, अमुक ठिकाणचा नट ढिला आहे. ही सवय इतकी मुरली होती की कुठल्याही वस्तूला हात टेकवल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. आमच्या फ्रिजला हात लावून आईला म्हणाले, "वहिनी, याचा एक पाय अधर हाये." होताच. माझ्या लॅपटॉपला हात लावला आणि म्हणाले, "याचा पंखा घासू राहिला." तेच सांगायला दुकानदाराने दोन दिवस लावले. काकू म्हणायच्या, "लग्नात माझा हात हातात दिला, तवाही असेच डोळे मिटून उभे. शेवटी भटजी म्हणे, सोडा आता."

त्यांचा आणखी एक नेम जलेबीचा. लूम सुरू झाला की मालक खुशीने मावा जलेबी मागवायचा. आमच्याकडची मावा जलेबी, काळसर, जाडजूड, गरम पाकातली, म्हणजे नाही म्हणायची वस्तूच नव्हे. पण काका त्या दिवशी शिवायचे नाहीत. "उद्या," म्हणायचे. लूम एक अख्खा दिवस कुरकुर न करता चालला, की दुसऱ्या दिवशी जाऊन हक्काने मागून खायचे. मालक चेष्टा करायचे, काहीजण मुद्दाम त्यांच्या नाकासमोर खायचे. काका आपले "उद्या".

मी मुळात उतावळी. इंदूरला शिकून, दोन नोकऱ्या सोडून घरी परत आले होते ती चॅनल चालवायचं ठरवूनच. आमच्या गावच्या खाण्यापिण्याचं चॅनल. दराबा झाला, मांडे झाले, जलेबी तर चार वेळा झाली. चुलत बहिणींना धमक्या देऊन सबस्क्राइब करायला लावलं. व्हिडिओ टाकला की दर पाच मिनिटांनी आकडा बघायचा, आणि त्यातले निम्मे व्ह्यूज माझेच आहेत हे स्वतःला कळू द्यायचं नाही. वडील शाळेत बाबू. संध्याकाळी चपला काढता काढता विचारायचे, "आज काही झालं?" मी म्हणायचे, "होईल." खरं तर या धंद्याचे सगळे नियम मला पाठ होते. पहिल्या तीन सेकंदांत माणूस धरायचा. कुठेही श्वास घ्यायला जागा ठेवायची नाही. जिथे शांतता तिथे कात्री. एवढे नियम पाठ असून माझं चॅनल का चालत नाही, हे मला कुणी विचारलं नाही, हे माझं नशीब.

एका सकाळी काका मोबाइल घेऊन आमच्या दारात उभे. "पोरी, हे व्हिडिओचं मले शिकव."

"कशाचा व्हिडिओ काका?"

आईने चहा टाकला, उकळला, गाळला. मग काका म्हणाले, "माझ्या हातात हाये त्याचा."

जुने साधे लूम तेव्हा भंगारात चालले होते. नव्या यंत्रांना कंपनीचाच माणूस लागतो. काकांच्या हाताखाली शिकलेले सगळे सुरतेला निघून गेले. मुलगी भुसावळला दिलेली, जावई रेल्वेत. त्यांना लूमचं काय? हातात आहे ते कुणाच्या तरी हातात घालून जावं, एवढीच त्यांची इच्छा होती. ही इच्छा साधी वाटते, पण त्यापायी त्यांची झोप उडाली होती, असं काकूंनी मला नंतर सांगितलं.

"किती लोकं शिकतीन?" त्यांनी विचारलं.

"आधी हजार सबस्क्राइबर तर होऊ द्या."

"हजार कशाले?" मोठा विराम. "एक शिकला तं बस. त्या दिवशी मी जलेबी खाईन."

मनात म्हटलं, चला, म्हणजे काकांना शुगरची भीती नाही.

मी काकांसाठी वेगळं चॅनल उघडलं. त्यांच्या घरामागे पत्र्याची खोली होती. तिथे भंगारातून वाचवून आणलेला एक लूम. आमचा स्टुडिओ तोच. काका फडक्याला हात पुसायचे, कॅमेऱ्याकडे बघायचे आणि खणखणीत आवाजात विचारायचे, "जेवले का?" आणि थांबायचे. बघणाऱ्यांनी उत्तर द्यावं म्हणून.

"काका, ते फक्त ऐकतात. बोलत नाहीत."

"अन् बोलले तं? मी मधीच बोलू लागलो तं बरं दिसंन का?"

मग थंबनेलची भानगड. मी त्यांना सांगितलं, तोंड उघडा, डोळे मोठे करा आणि लूमकडे बोट दाखवा. त्यांनी निमूटपणे केलं. तोंड तसंच उघडं ठेवून विचारलं, "मी काय पाहिलं म्हणे एवढं?"

"काहीतरी भयंकर झालंय असं दिसलं पाहिजे."

"झालं काय हाये?"

"काही नाही."

"मंग?"

पण आमचा खरा झगडा त्या पाऊण मिनिटावरून. लूमच्या पोटात हात घालायचा तर आधी मोटर बंद करायची. इथवर सगळ्या जगाचं ठीक. काका मोटर बंद करायचे आणि चौकटीवर तळहात टेकवून, डोळे मिटून उभे राहायचे. चाक फिरता फिरता मंद व्हायचं, आवाज विरायचा, खोलीत सामसूम व्हायची, तरी हे उभेच. मी घड्याळ लावून पाहिलं, पाऊण मिनिट. आमच्या धंद्यात पाऊण मिनिटात माणूस पंधरा व्हिडिओ बघून पुढे गेलेला असतो.

"गप झाला म्हणजे थांबला असं नसते पोरी," ते म्हणायचे. "चाक गप होते, पण एक शेवटचा टोला त्याच्यात राहते. तो निघून जाऊ द्यायचा. हाताले समजते."

मी ते पाऊण मिनिट तसंच ठेवून आठ-दहा व्हिडिओ टाकले. आकडे यायचे साठ, सत्तर. आलेख बघितला की मोटर बंद होते तिथे लोक पटापटा पळालेले दिसायचे. शेवटपर्यंत बसणारा एकच. त्याच्या फोटोत माणूस नव्हता, केळीचा घड होता. तो प्रत्येक व्हिडिओखाली एकच लिहायचा, "पाहिला. समजला."

काकांना तो फार आवडायचा. मला मोबाइल समोर धरून वाचून दाखवायला लावायचे. मी एकदा म्हटलं, "काका, हा बघा शिकला एकजण. मागवू का जलेबी?"

त्यांनी बराच वेळ विचार केला. "समजला म्हणते. करून पाहिला असं नाही म्हणत."

मग तो पिकरचा व्हिडिओ आला. लूममध्ये धोटा इकडून तिकडे पळतो, त्याला टोला देणारा जो छोटा तुकडा असतो तो पिकर. तो झिजला की बदलावा लागतो. व्हिडिओ चांगला झाला होता, आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला. इंदूरच्या एका व्हिडिओ बनवणाऱ्या कंपनीला मी कामासाठी विचारलं होतं. त्यांनी म्हटलं होतं, चाललेलं काहीतरी दाखवा. माझ्याकडे चाललेलं काहीही नव्हतं. मी कात्री घेतली. "जेवले का?"नंतरचा विराम कापला, श्वास कापले, फडकं कापलं, आणि ते पाऊण मिनिट कापलं. खाली ढोलकीचा ठेका टाकला. मोटर बंद, हात आत, पिकर बाहेर, फटाफट. स्वतःचंच काम मला तीनदा बघावंसं वाटलं.

टाकायच्या आधी काकांना दाखवला. त्यांनी दोनदा पाहिला.

"मी थांबलो होतो ते कुठं गेलं?"

"कापलं काका. तिथे लोक स्किप करतात."

या वेळी विराम इतका लांबला की मलाच चुळबुळ व्हायला लागली. "तिथंच तं शिकायचं असते," ते म्हणाले.

"एकदा असा टाकून बघू. चालला तर पुढच्या वेळी तुमचं थांबणं ठेवू. प्रॉमिस."

"तू म्हणते तं टाक," काका म्हणाले. त्यांच्या त्या 'तू म्हणते तं'वर मी आजवर किती वेळा विचार केलाय, सांगता यायचं नाही.

व्हिडिओ चालला. असा चालला की तिसऱ्या दिवशी लाखाच्या वर गेला. लोक लूम शिकायला आले नव्हते, काकांच्या त्या खणखणीत "जेवले का?"वर हसायला आले होते, हे मला दिसत होतं. पण आकडा तो आकडा. वडिलांनी चपला न काढताच विचारलं, "खरंच आपल्या काकांचा?" मी इंदूरवाल्यांना लिंक पाठवली. त्यांनी पुढच्या आठवड्यात बोलावलं. मी धावत जाऊन अर्धा किलो मावा जलेबी आणली आणि काकांच्या ओट्यावर ठेवली.

"कोणी शिकलं का?" त्यांनी विचारलं.

मी कमेंटी खाली सरकवत गेले. हसणारे चेहरे, हसणारे चेहरे, 'काका रॉक्स', हसणारे चेहरे. आणि त्यात तो केळीचा घड. "पाहिला. समजला. उद्या पिकर बदलतो."

काकांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं आता रडतात. मी जलेबी पुढे केली. ते म्हणाले, "उद्या. त्याचं होऊ दे."

"काय काका! लाख लोक! आज नाही खायची तर कधी? तो बदलणारच आहे ना? उद्यावर कशाला ढकलता?" मी अगदी तोंडाशी नेली.

आणि काकांनी खाल्ली. जन्मात पहिल्यांदा, उद्याची वाट न बघता. बोटं चाटत म्हणाले, "गोड हाये व."

फोन जलेबीनंतर तिसऱ्या दिवशी आला. काका प्रत्येक व्हिडिओच्या शेवटी आपला नंबर सांगायचे, अडचण आली तं करा म्हणून. बाईमाणसाचा आवाज होता. ती खकनारच्या पुढच्या एका गावातून बोलत होती. तिच्या नवऱ्याने पिकर बदलताना हात घातला आणि लूमचा टोला बसला. उजव्या हाताच्या बोटाचं पेर गेलं. काकांनी ऐकलं आणि नेहमीसारखे गप्प झाले. तिने मात्र फोन कट केला नाही. मोबाइलचा आवाज मोठा असायचा, त्यामुळे ती पलीकडे मुसमुसत थांबलेली मला ओट्यावर बसल्याजागी ऐकू येत होती.

"येतो," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही खकनारच्या बसमध्ये बसलो. कापूस वेचणीचे दिवस होते. काका खिडकीच्या गजावर तळहात ठेवून बसले होते.

त्या माणसाचं घर केळीच्या बागेला लागून. घराशेजारी पत्र्याचं शेड, त्यात बऱ्हाणपुरातून भंगाराच्या भावात उचललेले दोन लूम. एवढ्या लांब कुठला मिस्त्री येत नाही, म्हणून तो काकांचे व्हिडिओ बघून शिकत होता. चाळिशीचा असेल. हाताला हे एवढं बँडेज. आम्हाला बघून तोच संकोचला. खाट पुढे ओढत म्हणाला, "अरे काका, तुमी कशाले आले एवढ्या दूर? जेवले का?"

अगदी काकांच्या सुरात. चेष्टा नव्हती, त्याला तसं बोलायची सवयच लागली होती. मला खाली बघावं लागलं.

"कसं झालं?" काकांनी विचारलं.

"गलती माझीच हाये." मग जरा घुटमळून तो म्हणाला, "पण एक विचारू? पहिले तुमी मोटर बंद करून लई वेळ थांबत होते. मीबी थांबत होतो, हात ठेवून, तुमच्यावाणी. या व्हिडिओत तुमी लगेच हात घातला. मले वाटलं, काही नवी पद्धत निघाली असंन. मिस्त्रींनं घातला म्हणजे चालत असंन."

लाखभर लोकांनी तो व्हिडिओ पाहिला. त्यात काहीतरी बदललंय हे फक्त या माणसाच्या लक्षात आलं होतं. कारण तेवढा एकच शिकत होता.

काका गप्प होते. ते आता माझ्याकडे बोट दाखवतील, या पोरीनं कापलं म्हणून सांगतील, अशी मी वाट बघत होते. खरं सांगायचं तर त्यांनी तसं सांगावं असंच मला वाटत होतं. त्यांनी त्या माणसाच्या डाव्या खांद्यावर तळहात ठेवला. बराच वेळ ठेवला. म्हणाले, "चुकी माझी हाये."

मी तोंडातून शब्द काढला नाही. अजूनही त्याचं मला वाईट वाटतं, आणि वाटत राहणार आहे.

मग काका म्हणाले, "चल, लूम दाखव." शेडमध्ये त्यांनी लूम चालू केला, मोटर बंद केली, चौकटीवर हात ठेवला. शेजारी त्या माणसाने आपला डावा तळहात ठेवला. चाक मंद झालं, गप्प झालं. दोघं डोळे मिटून उभे. आणि सगळं थांबलंय असं वाटत असताना लूमच्या आत कुठेतरी खट्‌ झालं. तो शेवटचा टोला. इतके दिवस शूटिंग करून तो मला कधी ऐकू आला नव्हता. माझा मोबाइल पर्समध्येच राहिला.

घरी आल्यावर काका म्हणाले, "तो व्हिडिओ काढून टाक पोरी. मले नाही येत ते."

आणि मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "आठ दिवस थांबा ना काका. इंदूरवाल्यांना लिंक दिलीये. माझं काम होऊन जाऊ द्या. तोवर मी वर लिहून ठेवते, मोटर बंद केल्यावर थांबा म्हणून."

"वरचं कोण वाचते?" काका म्हणाले. पुढे काही बोलले नाहीत. त्यांना माझं कामही व्हायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून बघते तर काका चष्मा लावून ओट्यावर, हातात मोबाइल, आणि एक बोट. व्हिडिओखालच्या एकेका कमेंटला ते उत्तर लिहीत होते. हसणाऱ्या चेहऱ्यालासुद्धा. "मोटर बंद करा. थांबा. मंग हात घाला." प्रत्येकाला तेच, प्रत्येक वेळी नव्याने टाइप करून. कॉपी करायचं मी शिकवलं तर म्हणाले, "ज्याले सांगायचं त्याले सांगावं लागते." सकाळच्या चहापासून दिवेलागणीपर्यंत. काकू जेवायला हाका मारून दमायच्या. लोक त्यावर आणखी हसले. कुणी लिहिलं, काका बॉट आहेत. पाचव्या दिवशी त्यांच्या कमेंटी बंद झाल्या. एवढं सारखं सारखं कोण लिहील, हे मशीनच असणार, असा चॅनल ज्या साइटवर होतं तिच्या कॉम्प्युटरचा समज झाला.

काका आमच्याकडे आले. "आता जात नाही व," म्हणाले. मी लॅपटॉपसमोर बसले होते. ते माझ्या शेजारी खुर्चीवर बसले आणि टेबलावर तळहात ठेवला. काढून टाक असं पुन्हा म्हणाले नाहीत. रागावले असते तर मी भांडले असते. पण ते डोळे मिटून बसले होते, आणि माझ्या लक्षात आलं की हे मी थांबायची वाट बघताहेत. माझ्यात शिल्लक आहे ते निघून जायची. मी दोनदा उठले, पाणी प्यायले, परत बसले. मग मी तो व्हिडिओ काढून टाकला.

काकांनी टेबलावरचा हात उचलला. "जेवली का?" त्यांनी विचारलं.

इंदूरला नोकरी लागली. मुलाखतीत मी घाबरत घाबरत सांगितलं की ती लिंक आता चालत नाही. समोरचा म्हणाला, "कौन सी लिंक?" मी ती पाठवली त्या दिवशी त्यांनी पहिली दहा सेकंदं पाहिली होती, तेवढीच. ज्या आठ दिवसांसाठी मी त्या म्हाताऱ्याला एका बोटाने लिहायला बसवलं, त्या आठ दिवसांची कुणाला गरजच नव्हती.

आता मी लोकांच्या व्हिडिओंमधली शांतता कापते. त्याचा पगार मिळतो. आताशा तर एक बटन दाबलं की सगळे विराम आपोआप गळून पडतात. नवी मुलं येतात, विचारतात, "मॅडम, इसमें सच में कुछ होता है क्या?" मी सांगते, बहुतेकांचं काही होत नाही. एखाद्याचं होतं, आणि का झालं ते त्यालाही सांगता येत नाही. खाण्यापिण्यापुरतं दुसरं काही हातात ठेवा. हे उत्तर खरं आहे, पण ते देण्याआधी मी जरा थांबते. मुलांना वाटतं मॅडम विचार करताहेत. मी काकांची आठवण काढत असते.

इंदूरहून सुरुवातीला मी त्यांना दर रविवारी फोन करायचे. "काका, कसे आहात?" आणि मग तो विराम. पहिले काही महिने मी थांबायचे. मग कामं वाढली. एकदा डेडलाइन होती, हातात तीन व्हिडिओ, आणि काका गप्प. मी म्हटलं, "काका, आवाज येत नाहीये, नंतर करते." आवाज येत होता. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. तो आमचा शेवटचा फोन ठरला.

काकूंनी सांगितलं तेव्हा त्या रडल्या नाहीत, सांगत राहिल्या. "सकाळी ओट्यावर बसले होते. मी चहा घेता का म्हणून विचारलं. बोलले नाही, तं म्हटलं देतीन उत्तर दमानं, तेची सवयच हाये. मी थांबली. लई वेळ थांबली व. मंग गेली पाहायले."

मला त्यांची खूप आठवण येते. पत्र्याच्या खोलीतला तेलाचा वास आठवतो. पण सगळ्यात जास्त आठवतो तो प्रश्न आणि उत्तर यांच्यामधला वेळ. माझ्यासाठी एवढा वेळ नंतर कुणी थांबलेलं नाही. त्या वेळी त्याचा मला कंटाळा यायचा. आता वाटतं, कुणीतरी काहीतरी विचारावं आणि मला बोलता येईपर्यंत गप्प बसून राहावं.

परवा ऑफिसात चहाच्या वेळेला मोबाइलवर सूचना आली. काकांच्या चॅनलवर नवा व्हिडिओ. माझा कप हातातच राहिला. क्षणभर, खरंच क्षणभर, मला वाटलं की ते आहेत, उत्तर द्यायला जरा उशीर झाला एवढंच. मग आठवलं. जायच्या आधी काकांनी तो लूम खकनारला देऊन टाकला होता, तो माणूस ट्रॅक्टर आणून घेऊन गेला, असं काकू बोलल्या होत्या. चॅनलचा पासवर्ड मी काकांना एका वहीत मोठ्या अक्षरांत लिहून दिला होता. ती वही लूमसोबत गेली असणार.

व्हिडिओ उघडला. पत्र्याचं शेड, मागे केळीची पानं हलताहेत. त्याने फडक्याला हात पुसले, कॅमेऱ्याकडे बघितलं.

"जेवले का?" त्याने विचारलं आणि थांबला.

"हो," मी म्हटलं. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने चमकून पाहिलं.

पिकर कसा बदलायचा, तोच धडा. त्याने मोटर बंद केली आणि लूमच्या चौकटीवर उजवा तळहात ठेवला. चार बोटं पूर्ण, एक अर्धं. डोळे मिटले. चाक मंद झालं, गप्प झालं. माझं बोट सवयीने पडद्याकडे गेलं, पुढे सरकवायला. मी ते मागे घेतलं आणि हात टेबलावर पालथा ठेवला. वीस सेकंदं. तीस. शेडमध्ये कुठलातरी पक्षी ओरडत होता. मग आत कुठेतरी खट्‌ झालं. त्यानंतरही तो थोडा वेळ उभाच राहिला, आणि मग डोळे उघडून म्हणाला, "थांबला. आता घाला हात."

व्ह्यूज सव्वीस होते. खाली एकही कमेंट नव्हती. मी इतकी वर्षं या धंद्यात आहे, पण काकांच्या व्हिडिओखाली मी कधी एक अक्षर लिहिलं नव्हतं. मी एका बोटाने लिहिलं, "पाहिला. समजला."